आहाराची गाथा सांगणारी शास्त्रज्ञ : डॉ. कमला सोहोनी

नवरात्र जवळ आलं की बेळगुंदीच्या बाजूला रताळ्यांची घाई सुरू होते. बिजगर्णी, राकसकोप, सोनोली, यळेबैल, कुठल्याही वाटेनं जा, शेतात काढणी चाललेली असते आणि पोती भरून माल बेळगावला जात असतो. रताळी झाली, बटाटा झाला, भात आहे, नाचणी आहे, बाजारात बेळगावचा मसूर आहे. म्हणजे आपल्या भागात अन्न नाही असं कुणी म्हणणार नाही. तरीसुद्धा आपल्याच वर्गातल्या मैत्रिणींना विचारून बघा. सकाळची बस पकडायची म्हणून निम्म्या जणी नुसत्या चहावर आलेल्या असतात. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. घरी आज्जीचं काय चाललंय तेही बघा. दात राहिले नाहीत म्हणून भाकरी नको, पचत नाही म्हणून उसळ नको, मग चहात बटर बुडवून दुपार निघते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं. दहा मुली समोर उभ्या केल्या तर त्यातल्या जवळजवळ सहा. घरात धान्य आहे आणि अंगात रक्त नाही, हे कसं? या प्रश्नासाठी जिनं आपलं सगळं शिक्षण आणि सगळी नोकरी खर्ची घातली, ती एक मराठी बाई होती. तिचं नाव डॉ. कमला सोहोनी. साहित्य मंडळातल्या सभासदांना तिची धाकटी-थोरली ओळख पटकन पटेल. आणीबाणीच्या काळात कऱ्हाडच्या मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून निर्भयपणे बोललेल्या दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. दुर्गाबाईंची पुस्तकं आपण वाचतो. कमलाबाईंचं काम मात्र आपण रोज ताटात घेऊन जेवतो आणि त्यांचं नाव आपल्याला माहीत नसतं.

कमला भागवत हिचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही रसायनशास्त्र शिकलेले. बेंगळुरूला टाटांच्या देणगीतून जी विज्ञान संस्था उभी राहिली, तिच्या अगदी सुरुवातीच्या विद्यार्थ्यांपैकी हे दोघे भाऊ. त्यामुळे घरात विज्ञानाची चर्चा जेवणाइतकीच रोजची. या मुलीनं लहानपणीच ठरवलं होतं की आपणही वडिलांच्या आणि काकांच्या वाटेनं जायचं. १९३३ साली मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन ती पहिली आली. त्या काळी बेळगाव मुंबई इलाख्यात होतं आणि आपल्याकडच्या कॉलेजांचं विद्यापीठही मुंबईचंच. म्हणजे बेळगावचा कुणी विद्यार्थी त्या वर्षी परीक्षेला बसला असेल, तर त्याच निकालाच्या यादीत वरती त्यानं कमला भागवत हे नाव वाचलं असेल.

पहिली आलेल्या विद्यार्थिनीला पुढचा प्रवेश सहज मिळायला हवा होता. तिनं बेंगळुरूच्या संस्थेकडे अर्ज पाठवला आणि तो परत आला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. १९३० साली नोबेल पारितोषिक मिळालेले, साऱ्या देशाला ज्यांचा अभिमान, ते रामन. गुणांबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. अर्जदार मुलगी आहे एवढंच कारण. वडिलांनी आणि काकांनी रदबदली केली, संस्थेचे जुने विद्यार्थी म्हणून शब्द टाकला, पण रामन बधले नाहीत. असल्या वेळी बहुतेक घरांत काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. झालं तेवढं शिक्षण पुष्कळ झालं असं म्हणून विषय मिटतो. कमलानं तो मिटू दिला नाही. ती स्वतः बेंगळुरूला गेली आणि रामन यांच्यासमोर उभी राहिली. देशात गांधीजींच्या सत्याग्रहाचे दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत इथून हलणार नाही, असं तिनं त्यांना सांगितलं.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी मानली जाणार नाही. मार्गदर्शक सांगेल तेव्हा, अगदी रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. संचालकांचं समाधान झालं तरच त्या वर्षाच्या कामाला मान्यता मिळेल. आणि तिच्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट जरा थांबून वाचा. एका हुशार मुलीला शिकायला येण्याआधीच तिच्या असण्याचा त्रास होईल असं गृहीत धरलेलं होतं. तिनं अटी मान्य केल्या, पण तो अपमान ती कधी विसरली नाही. पुढे म्हातारपणी, सत्कार होत असतानासुद्धा त्यांनी ही गोष्ट लपवली नाही. रामन शास्त्रज्ञ म्हणून थोर होते आणि याबाबतीत चुकले होते, या दोन्ही गोष्टी त्या एकाच वेळी सांगू शकत होत्या.

बेंगळुरूला त्यांना श्रीनिवासय्या नावाचे मार्गदर्शक मिळाले. शिस्तीला कडक, पण शिकवण्यात हात आखडता न घेणारे. त्यांच्या हाताखाली कमलानं दूध आणि डाळी-कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम केलं. हा विषय कशासाठी निवडला हे समजायला फार शास्त्र नको. मांस-मासे रोज परवडत नाहीत किंवा चालत नाहीत, अशी आपल्याकडे लाखो घरं. त्यांच्या पोरांची हाडं-मांस वाढणार ती डाळीवर आणि मिळालं तर दुधावर. मग त्या डाळीत नेमकं काय आहे हे कुणीतरी मोजायला नको का? वर्षाअखेर रामन यांचं समाधान झालं. एवढंच नव्हे, तर त्यानंतर संस्थेचं दार मुलींना उघडलं. १९३६ साली या कामावर कमलाला मुंबई विद्यापीठाची एम.एस्सी. विशेष प्रावीण्यासह मिळाली.

पुढचा टप्पा इंग्लंडमधलं केंब्रिज. तिथल्या जीवरसायनशास्त्र विभागाचे प्रमुख होते सर फ्रेडरिक हॉपकिन्स. जीवनसत्त्वांच्या शोधाबद्दल नोबेल मिळालेला हा माणूस. त्यांच्या विभागात कमलानं आधी डेरेक रिक्टर यांच्याकडे आणि मग रॉबिन हिल यांच्याकडे काम केलं. हिल वनस्पतींवर काम करत होते. कमलानं हाती घेतला बटाटा. होय, आपल्या पश्चिम भागात निघतो तोच बटाटा! प्राण्यांच्या पेशी श्वसन करताना, म्हणजे अन्नातून ऊर्जा काढताना, सायटोक्रोम सी नावाचं एक प्रथिन वापरतात. ते वनस्पतींच्या पेशीतही असतं, हे तिनं बटाट्यावर काम करताना दाखवून दिलं. प्राण्यांची आणि झाडांची ऊर्जा काढायची रीत आतून एकमेकींशी जुळते, हे समजायला या कामानं हातभार लावला. त्यावर लिहिलेला प्रबंध होता अवघा ४० पानांचा. इंग्लंडला गेल्यापासून दीड वर्षाच्या आत तो पुरा झाला आणि १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी. तिच्या हातात आली. विज्ञान विषयात केंब्रिजची ही पदवी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून कमला भागवत हे नाव घेतलं जातं.

परदेशात राहायची संधी होती. पण १९३९ सालीच त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात नव्यानं सुरू झालेल्या जीवरसायनशास्त्र विभागाच्या त्या प्रमुख झाल्या. तिथून त्या निलगिरीतल्या कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत सहाय्यक संचालक म्हणून गेल्या. या प्रयोगशाळेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिचा संबंध थेट आपल्या भाताशी आहे. १९१८ साली मॅक्कॅरिसन नावाच्या डॉक्टरांनी बेरीबेरी रोगाच्या शोधासाठी ती एका खोलीत सुरू केली होती. बेरीबेरीत पाय सुजतात, हातापायांतली ताकद जाते, हृदय थकतं. कारण काय, तर गिरणीत सडून पांढराशुभ्र केलेला तांदूळ. कोंड्याबरोबर थायमिन नावाचं जीवनसत्त्व निघून जातं. उकड्या तांदळाचं तसं होत नाही. भात सालासकट भिजवून वाफवला की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत शिरतं आणि मग सडला तरी बरंचसं टिकतं. कोकणात, गोव्यात आणि आपल्याकडच्या कितीतरी घरांत म्हाताऱ्या माणसांना उकड्याचीच पेज लागते. शहरातल्या सुनेला ती लालसर पेज गावठी वाटते. शास्त्र मात्र आज्जीच्या बाजूनं आहे. हीच कुन्नूरची प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. आपल्या सरकारी आहारतक्त्यांतले आकडे येतात ते तिथूनच.

१९४७ साली त्यांनी मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न केलं आणि त्या मुंबईला आल्या. सोहोनी विमाशास्त्रातले तज्ज्ञ. लग्नानंतर संशोधन संपलं, असं झालं नाही. मुंबईच्या विज्ञान संस्थेत नवीन जीवरसायनशास्त्र विभाग सुरू होत होता. कमलाबाई तिथे रुजू झाल्या आणि पुढची वीस-बावीस वर्षं तिथेच राहिल्या. केंब्रिजच्या कामाच्या जोरावर त्या वनस्पतींच्या श्वसनावर आणखी पुष्कळ काही करू शकल्या असत्या आणि जगभर नाव झालं असतं. पण आपल्या विद्यार्थ्यांना त्यांनी जे विषय दिले ते बघा : कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. गरीब माणूस जे खातो, तेच त्यांच्या प्रयोगशाळेच्या टेबलावर आलं.

कडधान्यांचं उदाहरण घेऊ. आपल्या पोटात प्रथिनं पचवायला ट्रिप्सिन नावाचं पाचक द्रव्य लागतं. वालासारख्या कच्च्या कडधान्यांत मात्र याच ट्रिप्सिनला अडवणारा घटक असतो. म्हणजे ताटात प्रथिन आहे, पण अंगी लागत नाही. भारतीय खाद्यपदार्थांतल्या या अडवणाऱ्या घटकांवर कमलाबाईंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात निबंध प्रसिद्ध केले. उष्णतेनं हा घटक बराचसा निकामी होतो. कडधान्य रात्रभर भिजत घालायचं, मोड आणायचे, नीट शिजवायचं, ही आपल्या बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. तिच्यामागचं कारण आता कागदावर आलं. म्हातारपणी उसळ पचत नाही ही तक्रार खरी असते. पण त्यावर उपाय उसळ सोडून देणं हा नव्हे. भिजवून, मोड आणून, मऊ शिजवून, घोटून दिली तर दात नसलेल्या आज्जीलाही ती चालते. उतारवयात स्नायू झिजतात, उठता-बसता तोल जातो, पडून हाड मोडतं. त्या वयात प्रथिनं कमी करून कसं चालेल?

दुसरं उदाहरण नीरेचं. याच कामासाठी कमलाबाईंना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला आणि तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरूनच त्यांनी ते हाती घेतलं होतं. ताड, माड, शिंदी यांच्या झाडावरून निघणारा गोड रस म्हणजे नीरा. रात्री मडकं लावायचं, सूर्य वर यायच्या आत उतरवायचं आणि ताजं प्यायचं. उन्हं चढली की ती आंबते आणि तिची ताडी होते. त्यामुळे पांढरपेशा घरात या झाडाचं नाव निघालं तरी नाक मुरडत. कमलाबाईंनी नीरेचं पृथक्करण केलं. तिच्यात जीवनसत्त्वं आणि लोह चांगल्या प्रमाणात असल्याचं त्यांना आढळलं. रस आटवून गूळ केला तरी त्यांतलं बरंच काही टिकतं, हेही दिसलं. मग प्रश्न आला, प्रयोगशाळेतले हे आकडे माणसाच्या अंगात दिसतात का? आदिवासी भागातली अशक्त वयात येणारी मुलं-मुली आणि गरोदर बाया यांच्या आहारात नीरा दिली गेली आणि त्यांच्या तब्येतीत चांगली सुधारणा दिसून आली. महागडं टॉनिक नाही, परदेशी पावडर नाही. दाराबाहेरच्या झाडाचा रस.

या कामात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की किशोरवयीन मुलींकडे कुणीतरी वेगळं लक्ष दिलं. लहान बाळाच्या आहाराची सगळे काळजी घेतात. गरोदर सुनेलाही चार घास जास्त देतात. पण तेरा-चौदा वर्षांची मुलगी? तिची उंची वाढत असते, पाळी सुरू झालेली असते, अंगातलं लोह दर महिन्याला जात असतं. आणि घरात तीच सगळ्यांच्या शेवटी जेवते. निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत आणि विड्या वळण्यात ज्यांच्या आया दिवसभर असतात, त्या घरांत तर स्वयंपाकही बऱ्याचदा तीच करते. वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरेल ते तिचं. असं वाढलेल्या मुलीचं लग्न होतं, मग तिचं बाळ कमी वजनाचं होतं, आणि पुन्हा तेच.

बाहेरच्या जगात कमलाबाईंना मान होता, पण संस्थेत त्यांची वाट सोपी नव्हती. संचालकपदावर त्यांचा हक्क असतानाही ते मिळायला चार वर्षं उशीर झाला. १९६५ साली त्या संचालक झाल्या आणि १९६९ साली निवृत्त झाल्या. तिशीच्या आधी ज्या भिंतीला धडक दिली, तीच भिंत पन्नाशीतही उभी होती, एवढाच त्याचा अर्थ. आरेच्या दूध प्रकल्पाला दुधाचा दर्जा राखण्याबाबत त्यांनी सल्ला दिला, तोही याच काळातला.

निवृत्तीनंतरचा आणि त्याच्या आगेमागेचा काळ मला जास्त शिकवून जातो. १९६६ साली मुंबईत काही महिलांनी मिळून ग्राहकांसाठी संघटना काढली, कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया. कमलाबाई तिच्या संस्थापकांपैकी एक, आणि १९८२-८३ साली त्या तिच्या अध्यक्षही झाल्या. हळदीत रंग, तेलात भलतंच तेल, डाळीत लाखीची डाळ असा तो भेसळीचा काळ. १९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा होता, पण दुकानात उभ्या राहिलेल्या बाईला त्याचा काय उपयोग, तिला ओळखायचं कसं हेच ठाऊक नसेल तर? संघटनेच्या कीमत या मासिकात कमलाबाईंनी ग्राहकांसाठी लेख लिहिले. मराठीत आहार-गाथा हे पुस्तक लिहिलं. इंग्रजी शोधनिबंध लिहिणाऱ्या शास्त्रज्ञ बाईला स्वयंपाकघरातल्या मराठीत लिहावंसं वाटलं, ही गोष्ट आपल्या मंडळानं खास लक्षात ठेवावी. इकडे थोरल्या बहिणीनं, दुर्गाबाईंनी, खमंग नावाचं पाककृतींचं पुस्तक लिहिलं होतं. एका घरातल्या दोघी विदुषी, आणि दोघींनाही चूल कमी दर्जाची वाटली नाही.

१९९८ साली दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं कमलाबाईंचा सत्कार ठरवला. परिषदेच्या पहिल्या महिला महासंचालक डॉ. सत्यवती यांना या विस्मरणात गेलेल्या शास्त्रज्ञ बाईची हकीकत कळली होती आणि त्यांनी पुढाकार घेतला होता. सत्कार झाला. त्याच समारंभात कमलाबाई कोसळल्या आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी जगाचा निरोप घेतला. वय ऐंशीच्या बरंच पुढे गेलेलं. बेंगळुरूच्या दारात ज्या मुलीला नाकारलं होतं, तिला देशाच्या राजधानीत मानानं बोलावलं गेलं, पण त्यासाठी ६५ वर्षं जावी लागली.

मित्रमैत्रिणींनो, मोठ्या माणसाचं चरित्र वाचून आपण हात जोडतो आणि पान उलटतो. कमलाबाईंच्या बाबतीत तसं करू नये असं मला वाटतं, कारण त्यांचं काम हात जोडायचं नाही, करून बघायचं आहे. जेवणाबरोबर आणि जेवल्या जेवल्या चहा घेऊ नका, कारण चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तासभर तरी जाऊ द्या. मसुराच्या आमटीवर, मोडाच्या उसळीवर लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. नाचणीची आंबील हा म्हाताऱ्यांचा खुराक म्हणून हसू नका. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असतं, तांदळाच्या कितीतरी पट, आणि ते आज्जीच्या हाडांना लागतं तसंच तुमच्या वाढत्या हाडांनाही लागतं. बसस्टॉपवरच्या दहा रुपयांच्या कुरकुरीत पाकिटापेक्षा मूठभर भाजके शेंगदाणे आणि गुळाचा खडा कधीही बरा. सतत थकवा असेल तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासून घ्या आणि लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या कपाटात ठेवू नका. आज्जी-आजोबांना मधुमेह, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आहार बदलताना डॉक्टरांना विचारा.

आणि एक छोटं काम. येत्या रविवारी घरात सगळ्यात थोरलं माणूस आणि सगळ्यात धाकटी मुलगी दिवसभरात काय काय खातात, ते वहीच्या एका पानावर लिहून काढा. किती वाजता, किती, आणि कोण कुणाच्या नंतर जेवलं, तेसुद्धा. दोन्ही रकाने शेजारी ठेवून वाचा. कमलाबाईंनी आयुष्यभर हेच केलं, फक्त त्यांच्याकडे वहीच्या जोडीला परीक्षानळी होती. पुढच्या बैठकीला ती पानं घेऊन या. त्यावर बोलायला आपल्याला बरंच काही सापडेल.